समुदाय मानसशास्त्राचे पदव्युत्तर प्रशिक्षण : क्षेत्रकार्य आणि भाषेचा प्रश्न

मानसशास्त्र म्हटले की सामान्यतः डोळ्यांसमोर येते ती चार भिंतींच्या आतली खोली : एका बाजूला तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला अस्वस्थ व्यक्ती आणि मध्ये टेबल. समुदाय मानसशास्त्र ही विद्याशाखा या मांडणीविषयीच प्रश्न उपस्थित करते. व्यक्तीची अस्वस्थता तिच्या मनात जाणवत असली, तरी तिची कारणे घर, वस्ती, रोजगार, जात, शासनव्यवहार अशा अनेक ठिकाणी विखुरलेली असतात. म्हणून उपायही केवळ व्यक्तीवर करून भागत नाही, अशी या शाखेची मूळ भूमिका आहे. या भूमिकेचे प्रत्यक्ष कार्यात रूपांतर करणारी व्यक्ती घडवणे हे उपयोजित समुदाय मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचे उद्दिष्ट होय. या प्रशिक्षणाचा उगम, त्याचे स्वरूप आणि भारतात त्याला मिळालेले वळण यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विचार करताना एक प्रश्न अटळपणे समोर येतो. ज्यांचे ऐकावयाचे त्यांची भाषा एक आणि ज्या भाषेत ऐकण्याचे शिक्षण मिळते ती भाषा दुसरी, अशी स्थिती असेल तर या प्रशिक्षणाचे काय होते?

१. उगम

या शाखेला औपचारिक नाव मिळण्यापूर्वीच तिच्या दृष्टीची चुणूक दाखवणारा एक अभ्यास ऑस्ट्रियात झाला होता. व्हिएन्नाजवळील मारिएनथाल या गावातील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. हाती भरपूर वेळ असूनही लोकांचे वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले, पुरुषांची रस्त्यावरून चालण्याची गती मंदावली, अशी निरीक्षणे त्यात आहेत. खचलेपण एकेका मनात होते, पण ते साऱ्या गावाच्या चालण्यात दिसत होते. अभ्यासकांनी गावकऱ्यांना केवळ प्रश्न विचारले नाहीत. कपडे वाटणे, वैद्यकीय सल्ला मिळवून देणे अशा कामांतून ते गावाच्या व्यवहारात मिसळले. पुढे समुदाय मानसशास्त्राने ज्याला सहभागी पद्धती म्हटले, तिचे बीज येथे आढळते.

शाखेचा औपचारिक जन्म मात्र अमेरिकेत झाला. मनोरुग्णांना मोठ्या, दूरस्थ रुग्णालयांत डांबून ठेवण्याऐवजी त्यांच्या वस्तीजवळ सेवा मिळावी, यासाठी ऑक्टोबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडी यांनी समुदाय मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. केंद्रे निघणार, पण त्यांत काम करणारे मानसशास्त्रज्ञ कोठून येणार आणि त्यांना काय शिकवावयाचे, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. त्याच्या विचारासाठी मे १९६५ मध्ये बॉस्टनजवळील स्वॉम्पस्कॉट येथे ३९ मानसशास्त्रज्ञ जमले. परिषदेचा घोषित विषय प्रशिक्षण हाच होता. म्हणजे येथे विद्याशाखा आधी आणि तिचे प्रशिक्षण नंतर असा नेहमीचा क्रम घडला नाही. प्रशिक्षणाविषयीच्या चर्चेतूनच विद्याशाखा जन्मली.

त्या चर्चेतून पुढे आलेली एक संज्ञा आजही मोलाची आहे. तिचा मराठीत ‘सहभागी-संकल्पक’ असा अनुवाद करता येईल. समुदाय मानसशास्त्रज्ञ दुरून निदान करणारा नसावा. त्याने लोकांच्या कामात सहभागी व्हावे आणि त्याच वेळी घडणाऱ्या गोष्टींचा संकल्पनांच्या पातळीवर अर्थ लावावा, असा तिचा आशय आहे. मात्र या परिषदेला जमलेले प्रतिनिधी बहुतांशी गौरवर्णीय पुरुष होते. ज्यांच्यासाठी नवी शाखा घडत होती त्यांचा आवाज तेथे जवळजवळ नव्हता, ही टीका पुढे या शाखेच्या अभ्यासकांनीच केली. ‘पीडितालाच दोष देणे’ या वृत्तीवर विल्यम रायन यांनी १९७१ साली बोट ठेवले. सेमूर सॅरासन यांनी १९७४ साली समुदायभावनेची संकल्पना मांडली, तर ज्युलियन रॅपापोर्ट यांनी १९८१ मध्ये सक्षमीकरणाचा विचार केंद्रस्थानी आणला. १९७५ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे प्रशिक्षणाच्याच विषयावर दुसरी राष्ट्रीय परिषद झाली. तोवर ही शाखा मानसिक आजारापुरती उरली नव्हती. शाळा, घरे, रोजगार, वंशभेद हे तिचे विषय झाले होते.

२. प्रशिक्षणाचे स्वरूप

या शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सैद्धांतिक विषय, संशोधनपद्धती आणि क्षेत्रकार्य असे तीन घटक सर्वसाधारणपणे आढळतात. सैद्धांतिक भागाचा गाभा परिसरीय दृष्टी हा आहे. जेम्स केली यांनी जीवशास्त्रातील परिसंस्थेच्या कल्पनेवरून ती विकसित केली. एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे परिणाम घडवतो, कोणतीही वस्ती ही साधनांच्या देवघेवीची व्यवस्था असते, हे विद्यार्थ्याला प्रथम शिकावे लागते. गावातील दारूचा प्रश्न घेतला तर चिकित्सालयीन दृष्टी व्यसनी व्यक्तीचा विचार करते. परिसरीय दृष्टी त्याबरोबरच मजुरी कोणत्या दिवशी व कोठे मिळते, दुकान त्या जागेपासून किती अंतरावर आहे, घरातील पैसा कोणाच्या हाती असतो आणि गावातील बचत गटाचे वजन किती आहे, हेही विचारते.

दुसरी महत्त्वाची कल्पना प्रतिबंधाची. गेराल्ड कॅप्लन यांनी १९६४ साली प्रतिबंधाचे प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक असे स्तर मनोविकारांच्या संदर्भात मांडले. त्रास उद्भवूच नये यासाठी केलेले काम, उद्भवल्यावर लवकर ओळखणे आणि झालेल्या त्रासाचे दुष्परिणाम कमी करणे, असे हे तीन स्तर होत. समुदाय मानसशास्त्राचा भर पहिल्यावर आहे, आणि नेमके तेच काम सर्वांत कमी दिसणारे असते. जी आत्महत्या घडली नाही तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. म्हणून कार्यक्रमाचे मूल्यमापन कसे करावे, हा संशोधनपद्धतीच्या अध्यापनातील मोठा विषय ठरतो.

२०१२ साली अमेरिकेतील या शाखेच्या संघटनेने उपयोजित कार्यासाठी आवश्यक अशा १८ क्षमतांची यादी मान्य केली. परिसरीय दृष्टी, सक्षमीकरण, सांस्कृतिक जाण, समावेशन आणि नैतिक आत्मपरीक्षण या पाच पायाभूत क्षमता होत. त्यांच्यावर कार्यक्रमांची आखणी, संस्थांची व गटांची उभारणी, सामाजिक परिवर्तनाचे कार्य आणि सहभागी संशोधन यांविषयीच्या क्षमता उभ्या आहेत. यादी वाचताना लक्षात येते की, चाचण्या घेणे, निदान करणे यांना तीत स्वतंत्र स्थान नाही. सभा चालवणे, निधी मिळवणे, धोरणाचे विश्लेषण करणे, मतभेद असलेल्यांना एकत्र आणणे, ही येथे मानसशास्त्रज्ञाची कामे आहेत.

या क्षमता प्रत्यक्षात येतात त्या क्षेत्रकार्यात. त्याचे टप्पे ढोबळमानाने ठरलेले असतात. पहिला टप्पा प्रवेशाचा. कोणाच्या ओळखीने वस्तीत जावे हा निर्णय वरकरणी किरकोळ वाटतो, पण पुढील साऱ्या कामावर त्याचा परिणाम होतो. सरपंचाबरोबर गेलेल्या विद्यार्थ्याला एक गाव दिसते, आशा कार्यकर्तीबरोबर गेलेल्याला दुसरे. त्यानंतर वस्तीची ओळख होते. गावनकाशा, शिवारफेरी, बैठका यांतून गावात काय कमी आहे याइतकेच काय आहे हेही नोंदवले जाते. पुढे लोकांबरोबर प्रश्नाची निवड, कृती, आढावा आणि शेवटी निरोप. विद्यार्थी गेल्यानंतर काम टिकते की नाही, हीच त्याच्या शिक्षणाची खरी परीक्षा असते. या संपूर्ण काळात मार्गदर्शकाबरोबर नियमित चर्चा होणे अपेक्षित असते. विद्यार्थ्याने काय केले यापेक्षा त्याला काय दिसले नाही, हा त्या चर्चेचा विषय असतो.

३. भारतीय वाट

भारतात या प्रकारचे कार्य झाले, परंतु ते प्रामुख्याने समाजकार्य आणि मनोविकारशास्त्र या दोन मार्गांनी. मुंबईतील नागपाडा या कामगारवस्तीत क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२६ साली नेबरहूड हाऊस सुरू केले. तेथील अनुभव पाठीशी घेऊन १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. वर्गातील शिक्षणाइतकेच वस्तीतील काम महत्त्वाचे मानणारी क्षेत्रकार्याची परंपरा भारतीय उच्च शिक्षणात या मार्गाने रुजली.

दुसरा मार्ग वैद्यकाचा. १९५४ साली बंगळूर येथे स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९७४ मध्ये निम्हान्स या नावाने पुनर्रचित झाली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात निम्हान्सने बंगळूरजवळील सकलवाडा येथे आणि चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरयाणातील रायपूर रानी येथे ग्रामीण मानसिक आरोग्याचे प्रयोग केले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना थोडक्या काळात प्रशिक्षण देऊन मानसिक आजार ओळखता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्याच दशकात कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात त्याचा जिल्हापातळीवरील प्रयोग झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम टप्प्याटप्प्याने विस्तारत गेला. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला.

तरीही अंतर मोठे आहे. १२ राज्यांत झालेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. विविध विकारांमध्ये उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के एवढे आढळले. हे अंतर केवळ तज्ज्ञांची संख्या वाढवून भरून निघणारे नाही. लोकांमधल्याच व्यक्तींना तयार करणे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे प्रशिक्षित मार्गदर्शक घडवणे अटळ आहे. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांची येथे खरी गरज आहे. परंतु या विभागांत प्रयोगशाळा आणि चाचण्या यांना जे स्थान मिळाले ते वस्तीला मिळाले नाही. अलाहाबाद विद्यापीठातील दुर्गानंद सिन्हा यांच्यासारख्या अभ्यासकांनी बदलत्या खेड्यांचा मानसशास्त्रीय अभ्यास १९६०च्या दशकातच केला होता, हे लक्षात घेता ही उणीव अधिक जाणवते.

भारतीय संदर्भात ‘समुदाय’ ही संज्ञाही तपासून घ्यावी लागते. सॅरासन यांच्या समुदायभावनेत आपण एका मोठ्या, परस्परावलंबी समूहाचा भाग आहोत ही आश्वासक जाणीव आहे. भारतीय खेड्यात असे परस्परावलंबन होते आणि आहे. पण ते गावकुसाच्या आत-बाहेरच्या भेदावर उभे होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामव्यवस्थेच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली, ती समुदाय मानसशास्त्राच्या भारतीय विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात वाचावयास हवी. गावाची बैठक पारावर बोलावली तर त्या पारावर कोण बसत नाही, हे ज्याला दिसत नाही त्याचे सहभागी संशोधन आधीच्याच सत्तेला बळ देते.

४. भाषेचा प्रश्न

झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात सुरू केलेला ‘मैत्रीचा बाक’ हा उपक्रम या संदर्भात उद्‌बोधक आहे. आरोग्य केंद्राच्या आवारातील लाकडी बाकावर बसून वस्तीतील प्रशिक्षित आजीबाई लोकांचे ऐकतात. या उपक्रमाने परक्या भाषेतील निदानवाचक शब्द पुढे केला नाही. शोना भाषेतील ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे ‘अति विचार करणे’ या रूढ शब्दापासून त्याने सुरुवात केली. कामाच्या टप्प्यांची नावेही मन उघडणे, उभारी देणे, बळ देणे अशा अर्थाच्या शोना शब्दांनी ठेवली. ५७३ व्यक्तींचा समावेश असलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीचा परिणाम लक्षणीय दिसून आला. त्याचे श्रेय एकट्या भाषेला देता येणार नाही. तथापि आजीबाईंना दिलेले प्रशिक्षण त्यांच्याच शब्दांवर उभे होते, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मराठीचा विचार केला तर या शब्दांचे वैविध्य लगेच जाणवते. ‘करमत नाही’ ही तक्रार केवळ कंटाळ्याची नव्हे. व्यक्ती, जागा आणि सोबत यांचे नाते तुटल्याची ती खूण आहे. सासरी आलेली मुलगी आणि मुलाकडे शहरात राहावयास आलेली वृद्धा दोघीही ती करतात. ‘जिवाला घोर लागला’ यात घोर नेहमी कशाचा तरी असतो : कर्जाचा, मुलीच्या लग्नाचा, न परतलेल्या माणसाचा. ‘हातपाय गळाले’, ‘छातीत धडधडते’, ‘डोके भणभणते’ या शब्दांत दुःख शरीरातून बोलते. ‘अंगात येणे’ किंवा ‘बाहेरची बाधा’ यांच्यामागे श्रद्धेची एक संपूर्ण व्यवस्था उभी असते. आणि ‘टेन्शन’ हा शब्द मूळचा इंग्रजी असला, तरी आज खेड्यापाड्यांत तो मराठीच झाला आहे. या साऱ्यांसाठी ‘नैराश्य’ किंवा ‘चिंताविकृती’ हे पारिभाषिक शब्द वापरले की नोंद सोपी होते, पण माहिती गळून पडते. घोर कशाचा, हे विचारावयाचे राहून जाते. आणि समुदाय मानसशास्त्राला नेमके तेच हवे असते.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. मराठीत ‘मला वाईट वाटते’, ‘मला भीती वाटते’, ‘मला करमत नाही’ या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत येते. भावना तिच्याकडे येते, तिला होते. इंग्रजी प्रश्नावलीचा शब्दशः अनुवाद करून ‘मी दुःखी आहे’ असे विधान समोर ठेवले की उत्तर देणारी व्यक्ती अडखळते. तो अडखळणे आकलनाच्या अभावाचे लक्षण मानले गेले तर दोष अनुवादाचा, पण नोंद मात्र तिच्या नावावर होते.

विदर्भातील ‘विश्राम’ या कार्यक्रमाचा अनुभव येथे नोंदवण्याजोगा आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी उभी करण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढले. अशा साखळीतील पहिला दुवा म्हणजे गावातील कार्यकर्ती. तिचे ऐकणे आणि बोलणे गावाच्या भाषेत चालते. तिच्या वर असणाऱ्या पदवीधराचे शिक्षण मात्र बहुधा इंग्रजीत झालेले असते. त्याची क्षेत्रनोंद इंग्रजीत, मार्गदर्शकाशी चर्चा इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत. वस्तीतले बोलणे पायरीपायरीने वर जाताना प्रत्येक पायरीवर काही गमावते. शेवटी तयार झालेला अहवाल ज्यांच्याविषयी असतो त्यांना तो वाचताही येत नाही.

महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. बिदर, आदिलाबाद, इंदूर, बडोदे येथील मराठी भाषकांची मराठी शेजारभाषांशी मिसळलेली आहे. मराठवाड्यातून कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांची वस्ती हंगामापुरतीच असते. तेथील मूल एका भाषेच्या गावातून दुसऱ्या भाषेच्या फडावर जाते. केंद्रीय विद्यापीठाच्या एकाच वर्गात दहा भाषांचे विद्यार्थी असतात, म्हणून इंग्रजी हे अध्यापनाचे व्यवहार्य माध्यम ठरते, हे मान्य करावेच लागेल. पण म्हणून क्षेत्रकार्याचे माध्यमही तेच असावे, असे सिद्ध होत नाही. ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्याची बोली वर्गात उणीव मानली जाते. वस्तीत तीच त्याची सर्वांत मोठी क्षमता असते. १८ क्षमतांमधील ‘सांस्कृतिक जाण’ त्याच्याजवळ आधीच आहे. अभ्यासक्रमाने ती ओळखली नाही, इतकेच.

५. काही शक्यता

या उणिवेवर उपाय करण्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. क्षेत्रनोंदवही वस्तीच्या भाषेत, लोकांच्याच शब्दांत लिहिण्याची मुभा आणि त्या नोंदींना गुण, हे पहिले पाऊल ठरेल. अनुवाद नंतर करावा आणि अनुवादात काय निसटले याची टीप विद्यार्थ्याने लिहावी. त्या टिपेतूनच त्याच्या आकलनाची कसोटी लागेल. दुसरे, मार्गदर्शनाच्या काही बैठकांत त्या भाषेचा जाणकार उपस्थित असावा. हे काम भाषाविभागांनी आनंदाने करावे असे आहे. कथेतील निवेदकाचा स्वर, विराम, न बोललेले यांकडे लक्ष देण्याची जी सवय साहित्याच्या अभ्यासातून लागते, ती दुःख ऐकणाऱ्यालाही उपयोगी पडते. तिसरे, जिल्हानिहाय वेदनावाचक शब्दांचे आणि वाक्प्रयोगांचे संग्रह, ते कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणते यांसह, विद्यार्थ्यांच्या नोंदींतून वर्षानुवर्षे वाढत जाऊ शकतात. चौथे, काम संपल्यावर त्याचा सारांश वस्तीच्या भाषेत, वस्तीसमोर वाचला जावा आणि लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या अंतिम अहवालात याव्यात. लहान गावात नाव वगळले तरी माणूस ओळखू येतो. म्हणून काय वाचावयाचे आणि काय नाही, याचा निर्णयही संबंधितांच्या संमतीने घेणे हा नैतिक शिक्षणाचाच भाग होईल.

लोकभाषेचा हा आग्रह लोकसमजुतींच्या भाबड्या स्वीकाराकडे जाऊ नये, ही दक्षताही आवश्यक आहे. ‘बाधा’ हा शब्द समजून घेणे म्हणजे अघोरी उपचारांना मान्यता देणे नव्हे. कोणत्या व्यक्तीला तातडीने वैद्यकीय मदत हवी, हे ओळखण्याचे शास्त्रीय शिक्षण अपरिहार्यच आहे. परंतु ती व्यक्ती आपला त्रास सांगावयास पुढे येईल ती तिच्या भाषेत, आणि तो त्रास आधी ऐकला गेला तरच पुढचे शास्त्र उपयोगी पडेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यामुळे प्राचीन ग्रंथांच्या संशोधनाला चालना मिळेल, हे योग्यच आहे. त्याबरोबरच आजच्या मराठीतून उमटणारी वेदना नीट ऐकू शकणारे पदवीधर घडवणे, हेही भाषेच्या अध्यासनांचे कार्यक्षेत्र मानावयास हवे. स्वॉम्पस्कॉट येथे ‘सहभागी’ हा शब्द वापरला गेला तेव्हा तेथे जमलेल्यांच्या आणि वस्तीतल्यांच्या भाषेत फारसे अंतर नसावे असे गृहीत होते. भारतात ते अंतर रोजचे आहे. येथे सहभागाची पहिली अट भाषिक आहे, आणि ती पूर्ण करण्याची जबाबदारी वस्तीवर नव्हे, विद्यापीठावर येते.